नाव एक, वाटा अनेक

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनासाठी विषय निवडावयाचा तर वक्त्यासमोर दोन मार्ग असतात. एक म्हणजे ज्ञातीच्या पूर्वपीठिकेचे गौरवाने वर्णन करावे. दुसरा म्हणजे सांप्रतच्या उणिवांवर बोट ठेवावे. पहिल्याने श्रोते सुखावतात, दुसऱ्याने अस्वस्थ होतात, आणि दोहोंनंतरही सारे भोजनाच्या पंगतीकडे वळतात. मी आज ह्या दोहोंच्या मधला एक लहानसा विषय घेतला आहे. तो म्हणजे आपले नाव. एकच नाव धारण करणारी माणसे किती भिन्न व्यवसायांत शिरली, कशी नावारूपास आली, आणि त्यांच्या उदाहरणांवरून आपल्या मुलामुलींच्या भवितव्याविषयी आपण काय शिकावे, एवढाच माझ्या बोलण्याचा आशय आहे.

हा विषय सुचण्याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. आपल्या सभासदसूचीचे कोणतेही पान उघडावे, तर देशमुख, देशपांडे, पाटील ही आडनावे एकाखाली एक मांडलेली दिसतात. त्यांत वसंत, शरद, पुरुषोत्तम ही नावे पुन्हा पुन्हा येतात. वधूवरांच्या यादीत तर नाव आणि आडनाव दोन्ही तंतोतंत जुळणारे उमेदवार निघतात, आणि एकाची पत्रिका दुसऱ्याच्या घरी जाते. आपण ह्यावर हसतो आणि सोडून देतो. तथापि ह्या सारखेपणाच्या मुळाशी वऱ्हाडाचा इतिहास दडलेला आहे, तो थोडा उकलून पाहण्याजोगा आहे.

आपल्याकडील पुष्कळ आडनावे ही मुळात कुळाची नावे नसून कामाची नावे आहेत. अकबराच्या काळी, १५९६ साली, वऱ्हाड मोगल साम्राज्यात आले. अबुल फजलने आपल्या ‘आईन-ए-अकबरी’त साम्राज्यातील सुभ्यांची जी माहिती दिली आहे, तीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात एक मोठी उपयुक्त नोंद आहे. उत्तरेत ज्याला चौधरी म्हणतात त्याला ह्या मुलखात देशमुख म्हणतात. कानुनगोला देशपांड्या, मुकादमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुलकर्णी म्हणतात, असे तो सांगतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही ही चार नावे वऱ्हाडात रूढ होती आणि परक्या अधिकाऱ्याला ती समजावून सांगावी लागत होती. गावाचा प्रमुख पाटील, गावाचे दप्तर लिहिणारा कुलकर्णी. अनेक गावे मिळून होणाऱ्या परगण्याचा प्रमुख देशमुख, आणि परगण्याचे दप्तर व हिशेब सांभाळणारा देशपांडे. एकाने वसूल करावयाचा, बंदोबस्त राखावयाचा. दुसऱ्याने लिहून ठेवावयाचे. अशी ही जोडी होती.

ह्या कामाबद्दल इनाम जमीन, रुसूम आणि मानपान मिळत असे. वतन वंशपरंपरेने चाले, भावाभावांत वाटले जाई, प्रसंगी विकलेही जाई. त्यामुळे वेगवेगळ्या ज्ञातींच्या घराण्यांकडे एकाच प्रकारची वतने गेली, आणि वतनाबरोबर नावही गेले. अनेक देशमुख घराण्यांचे मूळ आडनाव निराळेच असते, ते ह्याच कारणाने. ‘शतपत्रे’ लिहून महाराष्ट्राला खडबडून जागे करणारे लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, ह्यांचे मूळ आडनाव सिद्धये. घराण्याकडे देशमुखीचे वतन आले आणि सिद्धये मागे पडून देशमुख पुढे आले.

पुढे १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. नवी मोजणी झाली, नवी जमाबंदी झाली, वसुलाचे काम पगारी नोकरांकडे गेले. परगण्याच्या देशमुखाला आणि देशपांड्याला करण्यासारखे काम उरले नाही. गावपातळीवर पाटील अधिक काळ टिकला. परंतु महसुली पाटीलकीही १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. काम गेले, हक्क गेले, नाव मात्र राहिले. घरातील धान्य संपावे आणि कणगी कोपऱ्यात उभी राहावी, तशी ही नावे आज उभी आहेत. कणगी रिकामी आहे हे वाईटच, असे मात्र समजू नये. रिकाम्या कणगीत नवे धान्य भरता येते. गेल्या शंभर-दीडशे वर्षांत आपल्या लोकांनी नेमके तेच केले. कोणी काय भरले, ते आता पाहू.

प्रथम देशमुख. १९५२ ते १९५६ ह्या काळात दिल्लीच्या केंद्र सरकारात दोन देशमुख एकाच वेळी मंत्री होते. एक चिंतामण द्वारकानाथ देशमुख, अर्थमंत्री. दुसरे आपल्या अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख, कृषिमंत्री. एक कोकणातील महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मले, दुसरे वऱ्हाडात १८९८ मध्ये. वयाचे अंतर तीन वर्षांहून कमी, आडनाव एक; नातेसंबंध मात्र काही नाही. चिंतामणराव १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले. नोकरीची पुष्कळ वर्षे त्यांनी मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या सेवेत काढली. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये अर्थमंत्री झाले, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले.

भाऊसाहेबांची वाट वेगळी. शेतकऱ्याच्या घरातून ते विलायतेस गेले, बॅरिस्टर झाले, आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास ह्या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. अशा मनुष्याने एखाद्या मोठ्या शहरात वकिली थाटावी, हे त्या काळच्या रीतीस धरून झाले असते. ते अमरावतीस परतले. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून १९२७-२८ च्या सुमारास जी चळवळ झाली तीत ते पुढे होते. श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारून त्यांनी वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांतील मुलांसाठी शाळा-महाविद्यालयांची दारे उघडली. ते संविधान सभेचे सभासद होते. १९५२ पासून दहा वर्षे त्यांनी केंद्रात कृषिखात्याचे मंत्रिपद सांभाळले, भारत कृषक समाज स्थापन केला, आणि १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषिप्रदर्शन भरविले. १९६५ साली त्यांचे देहावसान झाले. अकोल्याचे कृषिविद्यापीठ १९६९ पासून त्यांच्या नावाने उभे आहे.

ह्या दोघांत एक मौजेचे साम्य आहे. दोघेही संस्कृतात रमलेले. भाऊसाहेबांचा प्रबंध वेदांवर, तर नोटा आणि नाण्यांचा कारभार पाहणाऱ्या चिंतामणरावांनी कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणले. परंतु एकाचे आयुष्य तिजोरीच्या हिशेबात गेले आणि दुसऱ्याचे नांगराच्या तासात. आडनावाने त्यांना ह्या वाटा दाखविल्या नाहीत. चिंतामणरावांना अर्थशास्त्राकडे नेले ते त्यांच्या बुद्धीने व सेवेतील अनुभवाने. भाऊसाहेबांना शेतीकडे नेले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या कापूसवाल्याच्या हलाखीने.

ह्याच नावात आणखी एक नाव घातले पाहिजे. आंध्रातील दुर्गाबाई लहान वयात स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या, वकील झाल्या, आंध्र महिला सभा त्यांनी स्थापन केली, संविधान सभेत त्या होत्या. १९५३ साली चिंतामणरावांशी विवाह झाल्यावर त्या दुर्गाबाई देशमुख झाल्या. परगण्याच्या वतनाशी ज्यांचा काडीइतका संबंध नव्हता त्या एका तेलुगु विदुषीने हे नाव समाजकल्याणाच्या कार्याशी कायमचे जोडले. मराठवाड्यातील कडोळीचे नानाजी देशमुख राजकारण सोडून चित्रकूटच्या खेड्यांत ग्रामविकास करीत राहिले. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलावयास हवी. ज्ञातीच्या स्मरणिकांतून अशा थोर पुरुषांची छायाचित्रे छापण्याची आपल्याला हौस असते, आणि आडनाव जुळले की ‘हे आपलेच’ असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. परंतु लोकहितवादी चित्पावन, चिंतामणराव चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, भाऊसाहेब वऱ्हाडातील मराठा-कुणबी समाजाचे, आणि दुर्गाबाई तर महाराष्ट्राबाहेरच्या. देशमुख हे नाव कोणत्याही एका ज्ञातीच्या मालकीचे नाही. ते सर्वांच्या सामाईक विहिरीसारखे आहे. ज्याच्या रहाटात जोर असेल त्याने पाणी काढावे. विहीर आमची, असे म्हणत काठावर बसून राहिल्याने कोणाचीही तहान भागत नाही.

आता देशपांडे. त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. अमरावती आणि अकोला ह्यांच्यामध्ये, मुंबई-नागपूर लोहमार्गावर, मूर्तिजापूर आहे. येथूनच एके काळी अचलपूरला आणि यवतमाळला जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाड्या सुटत, आणि त्यांतून वऱ्हाडचा कापूस मोठ्या मार्गावर येई. ह्या लहानशा गावी १९०१ साली आत्माराम रावजी देशपांडे जन्मले, आणि एकोणीस वर्षांनी, १९२० साली, वसंतराव देशपांडे जन्मले. पहिले म्हणजे कवी अनिल. दुसरे म्हणजे गायक वसंतराव.

कवी अनिलांनी कायद्याचे शिक्षण घेतले, वकिली केली, न्यायाधीशाचे काम केले, पुढे समाजशिक्षणाच्या क्षेत्रात मोठी जबाबदारी सांभाळली. दिवसा साक्षीपुरावे तपासणाऱ्या ह्या मनुष्याने मराठी कवितेत मुक्तछंद रुजविला. १९३२ साली ‘फुलवात’, १९४० साली ‘भग्नमूर्ति’, आणि उतारवयात ‘दशपदी’. ह्या शेवटच्या संग्रहासाठी त्यांना १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या पत्नी कुसुमावती, माहेरच्या जयवंत, ह्यांचा जन्म १९०४ साली अमरावतीचा. त्यांनी नागपुरास इंग्रजीचे अध्यापन केले, कथा लिहिल्या, मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा परामर्श घेतला, आणि १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या निवर्तल्या. अमरावतीच्या लेकीला आणि मूर्तिजापूरच्या लेकाला, पतिपत्नींना, हा एकच मान तीन वर्षांच्या अंतराने मिळावा, ही वऱ्हाडच्या वाङ्मयीन इतिहासातील असामान्य घटना आहे.

वसंतरावांची कथा मात्र आपल्या तरुणांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी. त्यांचे बालपण आईच्या आधाराने नागपुरात गेले. शंकरराव सप्रे ह्यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. बालवयातच भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात त्यांनी कृष्णाची भूमिका केली. गळा असामान्य, शिकण्याची तहान असामान्य. परंतु संसाराला पगार लागतो. तेव्हा वसंतरावांनी लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी पत्करली, आणि जवळजवळ दोन तपे ती केली. देशपांडे म्हणजे हिशेबाचे दप्तर सांभाळणारा, हे आपण आताच पाहिले. म्हणजे आडनावाचा अर्थ पाहिला तर आज उल्लेखिलेल्या सर्व देशपांड्यांत पिढीजात काम खऱ्या अर्थाने केले ते एकट्या वसंतरावांनी! आणि ज्याने नावाप्रमाणे काम केले, त्याच्या अंतःकरणाला त्यात विसावा नव्हता. १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले, जितेंद्र अभिषेकींच्या संगीताने नटलेल्या त्या नाटकात वसंतराव खाँसाहेब आफताब हुसेन झाले, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी हा मनुष्य साऱ्या महाराष्ट्राला नव्याने कळला. त्यानंतर त्यांना उणीपुरी सोळा वर्षे मिळाली. १९८३ साली ते गेले.

हिशेबाची नोकरी हीन होती, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. तिने त्यांचे घर चालविले. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे अशाच नोकऱ्यांवर उभी राहिली आणि मुलांना शिकवू शकली. माझे म्हणणे इतकेच, की ज्याच्यात गाणे आहे त्याच्याकडून दप्तर लिहवून घेण्यात समाजाचाही तोटा असतो. वसंतरावांचे गाणे नोकरीच्या वेळेबाहेर तगले, कारण ते वसंतराव होते. सामान्य ताकदीच्या मुलाचे असे गाणे, असे चित्र, असे संशोधन नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षीच मूक होते, आणि ते मूक झाल्याची वार्ता कोणत्याही स्मरणिकेत छापली जात नाही.

नाव आणि आडनाव दोन्ही एक, अशी उदाहरणेही आहेत. पुरुषोत्तम देशपांडे हे नाव घेतले तर मराठी वाचक विचारील, कोणते? एक पुरुषोत्तम यशवंत, नागपूरचे, ‘बंधनाच्या पलीकडे’ ह्या १९२७ च्या कादंबरीने खळबळ उडविणारे आणि पुढे तत्त्वचिंतनाकडे वळलेले. दुसरे पुरुषोत्तम लक्ष्मण, मुंबईत जन्मलेले. लेखन, नाट्य, संगीत, अभिनय ह्या साऱ्यांत लीलेने वावरणारे आणि सर्व महाराष्ट्राला हसविणारे. पहिल्यांच्या ‘अनामिकाची चिंतनिका’ ह्या ग्रंथाला १९६२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, दुसऱ्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा. एकाच पुरस्काराच्या यादीत तीन वर्षांच्या अंतराने दोन पुरुषोत्तम देशपांडे! एक चिंतनाचा, एक विनोदाचा. मराठी माणसाने ह्या दोघांत कधी गल्लत केली नाही. पु. य. म्हटले की एक मूर्ती डोळ्यांपुढे येते, पु. ल. म्हटले की दुसरी. मधल्या एका अक्षराने सारा निवाडा केला. ते अक्षर पित्याच्या नावाचे आहे.

दुसरे उदाहरण शरद जोशी ह्यांचे. वऱ्हाडातील कापूसवाल्या शेतकऱ्यासमोर हे नाव उच्चारावे, तर त्याला शेतकरी संघटनेचे शरद जोशी आठवतात. १९३५ साली साताऱ्यास जन्मलेला हा मनुष्य भारतीय टपाल सेवेतून स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत गेला, ती मोठ्या पगाराची जागा सोडून चाकणजवळ कोरडवाहू शेती करू लागला, आणि शेतमालाच्या रास्त भावासाठी त्याने लाखो शेतकरी रस्त्यावर आणले. २०१५ साली त्यांचे निधन झाले. परंतु सातपुडा ओलांडून माळव्यात जावे आणि तेच नाव घ्यावे, तर लोकांना आठवतात ते उज्जैनचे शरद जोशी, १९३१ मध्ये जन्मलेले हिंदीतील नामांकित व्यंग्यलेखक. वृत्तपत्रातील त्यांचे दैनिक सदर लोक चहाबरोबर वाचीत. दूरदर्शनवरील ‘ये जो है जिंदगी’ ह्या मालिकेचे लेखनही त्यांचेच. १९९१ साली ते निवर्तले. दोघांनीही राज्यकर्त्यांना सोडले नाही. एकाने आंदोलनाने धारेवर धरले, एकाने लेखणीने. आणि जोशी हेही मुळात कामाचेच नाव, पंचांग सांगणाऱ्याचे. ह्या दोन जोशांपैकी एकानेही कोणाचा मुहूर्त काढून दिल्याचे कोणी सांगणार नाही!

आता ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, ‘महाशय, तुम्ही सांगता की नावाने काही होत नाही. परंतु ज्या घरात पिढ्यान्पिढ्या दप्तर होते त्या घरात अक्षरओळख होती, ज्या घरात इनाम होते त्या घरात पोराला शाळेत पाठविण्याइतके धान्य होते. मग नावाचा लाभ नाही कसा?’ हे मान्य केलेच पाहिजे. वतनाच्या नावामागे शतकांचा आधार होता, आणि तो नसलेल्यांना ह्याच मुलखात अक्षरही दुर्मीळ होते. म्हणूनच नावाच्या ह्या कथेत एका अशा मनुष्याला स्थान द्यावयास हवे, की ज्याचे आडनाव आज फारसे कोणाला सांगता येणार नाही.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर ह्यांचा जन्म झाला. शाळा नाही, वतन नाही, दप्तर नाही. घर सोडून ते निघाले तेव्हा हाती खराटा आणि एक फुटके गाडगे. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तनातून लोकांच्या मनातील केर काढावा, आणि मिळालेल्या पैशातून धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे उभारावीत. लोकांनी त्यांना त्या गाडग्यावरून नाव दिले, गाडगेबाबा. १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला. आज वऱ्हाडात दोन प्रमुख विद्यापीठे आहेत. अकोल्याचे कृषिविद्यापीठ देशमुख आडनावाच्या एका बॅरिस्टराच्या नावे आहे; १९८३ साली स्थापन झालेले अमरावतीचे विद्यापीठ, ज्याने कधी शाळेचा उंबरठा विद्यार्थी म्हणून ओलांडला नाही, त्या गाडगेबाबांच्या नावे आहे. एकाला नाव पूर्वजांनी दिले, दुसऱ्याला नाव त्याच्या कामाने दिले. आणि नीट पाहिले तर पहिल्यालाही आज जग ओळखते ते पूर्वजांच्या वतनामुळे नव्हे.

तेव्हा ह्या साऱ्यातून आपल्या मंडळाने आणि आपल्या घरांनी काय घ्यावे? मी तीन सूचना करतो. त्या मानणे न मानणे आपल्या विचारावर आहे.

पहिली सूचना व्यवहाराची. आपल्या सूचीत, वधूवरांच्या यादीत, शिष्यवृत्तीच्या अर्जावर संपूर्ण नाव लिहावयाचे, केवळ आद्याक्षर आणि आडनाव नव्हे. पु. य. आणि पु. ल. ह्यांच्या लौकिकाने जे साधले ते आपल्या सामान्य मुलांना कागदपत्रांनीच साधावे लागते. गुणपत्रिकेवरील नाव एक आणि दाखल्यावरील दुसरे, ह्यामुळे प्रवेशाच्या वेळी किती धावपळ होते, हे येथील पालकांस सांगावयास नको. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात, शासकीय दस्तऐवजांत, प्रथम बालकाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम घालून दिला आहे. ह्याने दोन सारख्या नावांतील भेद अधिक स्पष्ट होईल. शिवाय जिने त्या बालकाला वाढविले तिचे नाव कागदावर येईल, ही गोष्ट सोयीहूनही मोठी आहे. आपल्या मंडळाने आपल्या सर्वच सूच्यांत हा क्रम आपण होऊन स्वीकारावा.

दुसरी सूचना स्मरणिकेविषयी. ज्यांचे आपल्याशी केवळ आडनाव जुळते त्यांच्या छायाचित्रांना जागा देण्यापेक्षा, आपल्या सभासद कुटुंबांतील व्यक्ती कोणकोणती कामे करीत आहेत ह्याची माहिती दरवर्षी एका पानावर द्यावी. दवाखाना चालविणारे, न्यायालयात उभे राहणारे ह्यांच्याबरोबरच यंत्र दुरुस्त करणारे, रोपवाटिका लावणारे, तबला वाजविणारे, एस. टी. चालविणारे, परिचारिका म्हणून रात्रपाळी करणारे, सर्वांची नावे तीत यावीत. अशी यादी वाचून एखाद्या खेड्यातल्या मुलीला कळेल, की आपल्याच नावाची एक ताई हे काम करते, तेव्हा आपल्यालाही ते करता येईल. नावसारखेपणाचा सर्वांत चांगला उपयोग हाच.

तिसरी सूचना घरोघरी पोचावयाची आहे, आणि तीच मला महत्त्वाची वाटते. मुलगा अमुक शिकतो म्हणतो, मुलगी तमुक करीन म्हणते, तेव्हा आपल्या तोंडून सहज एक वाक्य निघते, ‘आपल्या घराण्यात असले कोणी केले नाही.’ ह्या वाक्यापुरते थांबून विचार करावा. घराण्यात पूर्वी जे केले जात होते ते काम आज अस्तित्वातच नाही. परगणा नाही, रुसूम नाही, देशमुखी नाही. घराण्याची रीत खरोखर पाळावयाची म्हटली, तर आपल्यापैकी एकालाही आज सकाळी कामावर जाता आले नसते. आपल्या आजोबांनी वतन संपल्यावर वकिली धरली, पणजोबांनी तलाठ्याकडे उमेदवारी केली, काकांनी कापसाचा अडत्या होऊन पाहिले. त्यांपैकी प्रत्येकाने घराण्यात कोणी न केलेले काम केले. म्हणजे घराण्याची खरी रीत असेल तर ती एकच, काळ बदलला की नवे काम शिकावे.

ह्याचा अर्थ मूल मागेल ते डोळे मिटून द्यावे, असा नाही. पोट भरण्याची चिंता वडीलधाऱ्यांनी केलीच पाहिजे, आणि कष्टाची तयारी आहे की केवळ हौस आहे, हेही तपासलेच पाहिजे. कवी अनिलांनी वकिली सोडून केवळ कविता केली नाही. वसंतरावांनी पगार सोडून केवळ गाणे केले नाही. दोघांनीही दोन्ही ओझी वाहिली. परंतु ती तपासणी मुलाच्या अंगच्या गुणांची आणि कष्टांची असावी. आडनाव हा तीत पुरावा म्हणून दाखल होऊ नये. आणि मुलींच्या बाबतीत तर दुप्पट सावध असावे, कारण तिला एक नाव माहेर देते, दुसरे सासर देते, आणि दोन्हीकडून ‘आपल्यात हे चालत नाही’ असे तिलाच ऐकावे लागते. कुसुमावती जयवंत आणि कुसुमावती देशपांडे ही दोन्ही नावे एकाच स्त्रीने उजळली, हे आपण ध्यानात ठेवावे.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळाने आजवर शिष्यवृत्त्या दिल्या, गुणवंतांचा सत्कार केला, अडचणीतील कुटुंबांस हात दिला. ज्ञातिसंस्थेने एवढे केले तर तिचे अस्तित्व सार्थ आहे. परंतु नाव सांभाळणे म्हणजे नावाभोवती कुंपण घालणे नव्हे, ही जाणीव तिच्या कारभारात असावी. पूर्वजांनी ठेवलेले नाव हे बियाण्यासारखे असते. ते घरात जपून ठेवले तर त्याला कीड लागते. जमिनीत टाकले तर त्याचे काय होईल हे जमीन, पाऊस आणि राबणारे हात ठरवितात. काळ्या जमिनीच्या ह्या मुलखातील लोकांना ते मी निराळे सांगावयास नको.